फ्रीजच्या दारातली ट्यूब

झुंबरबाईच्या फ्रीजच्या दारात, वरच्या कप्प्यात, एक ट्यूब असायची. करंगळीएवढी. एका बाजूला लिंबाच्या लोणच्याची बाटली, दुसऱ्या बाजूला नातीचं सर्दीचं औषध आणि मध्ये ती. शेपटीकडून गुंडाळत गुंडाळत निम्मी झालेली. गल्लीत कुणाचा डोळा चुरचुरला, लाल झाला, चिकटला, की माणूस दवाखान्याचा रस्ता धरायच्या आधी झुंबरबाईच्या उंबऱ्यात उभा राहायचा.

"वैनी, ती डोळ्याची ट्यूब हाय का?"

"हाय की. बसा."

झुंबरबाई हातातलं काम टाकून उठायची. आलेल्या माणसाची मान मागं करायची, खालची पापणी अंगठ्यानं ओढायची आणि करंगळीवर मलम घेऊन हलक्या हातानं आत फिरवायची. "मिटा आता. चोळायचा न्हाय." एवढं झालं की पुन्हा म्हशींच्या मागं. कुणाला नाही म्हणायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि नाही म्हणून वाद घालत बसण्याइतकं अंगात त्राणही उरलेलं नसायचं. लावून दिलं की माणूस जात होता, तेच सोपं होतं.

ट्यूबचं हे नाव झालं ते मोनाच्या रांजणवाडीपासून. मोना म्हणजे झुंबरबाईची नात, दुसरीत शिकणारी. तिच्या वरच्या पापणीच्या कडेला, अगदी केसाच्या मुळाशी, मुगाएवढी पुळी आली. झुंबरबाईनं आपल्या पद्धतीनं सगळं केलं. तव्यावर फडकं गरम करून सकाळ-संध्याकाळ शेकलं. तळहातावर बोट घासून ऊन बोट पुळीवर ठेवलं. एकदा लवंग उगाळून लावली, तेव्हा पोरीनं सगळी गल्ली गोळा केली. शेवटी सून वर्षाराणी वैतागली. शाळेचं गॅदरिंग तोंडावर आलेलं, पोरीचा नाच बसलेला, आणि डोळा असा. ती चौकातल्या मेडिकलमध्ये गेली. दुकान अमरसिंहचं. त्यानं मोनाला बघितलंसुद्धा नाही. "लाली, सूज, पाणी, सगळ्यावर चालतीया," म्हणून ट्यूब हातात दिली. ती लावली आणि दुसऱ्या दिवशी पुळी फुटली, पू निघून गेला, पापणी हलकी झाली. मोना गॅदरिंगमध्ये नाचली. शेकलेल्या फडक्याचं नाव कुणी घेतलं नाही. सगळं श्रेय ट्यूबला गेलं.

आता, औषध म्हणजे काय हे झुंबरबाईला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. म्हशीच्या सडाला दगडी झाली, कास सुजली, की डॉक्टरला फोन करणारी तीच. कुठलं इंजेक्शन, किती दिवस, ती बोटावर मोजून पुरं करून घ्यायची. म्हैस बरी दिसायला लागली म्हणून मध्येच सोडून देऊ द्यायची नाही. औषध चालू असलेल्या म्हशीचं दूध डेअरीत घालायचं नाही म्हणजे नाही. मुलगा विजयसिंह एकदा म्हणाला, "एक लिटरनं काय होतंय, आई?" तेव्हा तिनं त्याच्यासमोर चरवी मोरीत पालथी केली होती. म्हशीच्या बाबतीत एवढी काटेकोर बाई माणसांच्या डोळ्यांच्या बाबतीत मात्र करंगळीच्या मापावर चालायची. दोन्ही ठिकाणी औषध त्याच जातीचं आहे, हे तिच्या मनात कधी शेजारी-शेजारी येऊन बसलंच नाही.

संक्रांत उलटली आणि झुंबरबाईच्या रानात उसाची तोड आली.

तोड आली की घराला झोप नसते. टोळी पहाटेपासून रानात, ट्रॅक्टर बांधावर, आणि म्हशींसाठी वाडं गोळा करायचं ते वेगळं. वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. झुंबरबाई आणि मीनाबाई दोघी मिळून ते बांधायच्या. मीनाबाई खालच्या गल्लीतली. तिचा नवरा गेल्यापासून तिनं एक म्हैस आणि दोन शेळ्यांवर पोराला शिकवलं. पोरगा प्रसेनजीत आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कंत्राटावर होता, सूनही तिथंच पॅकिंगला. दोघी बायका एकाच वयाच्या, एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. बांधावर एकत्र भाकरी खायच्या. तरी मीनाबाई तिला "वैनी, तुमी" म्हणायची आणि झुंबरबाई तिला "मीने, तू". हे असंच चालत आलेलं, त्यावर दोघींपैकी कुणी कधी बोललं नव्हतं.

मीनाबाईचा डावा डोळा लहानपणीच विटी लागून गेला होता. उजेड-अंधार कळायचा, बस. तिचा सगळा संसार उजव्या डोळ्यावर होता.

त्या दिवशी मीनाबाई वाड्याचा भारा डोक्यावर घ्यायला वाकली आणि भाऱ्यातला एक पाला सटकन उलटा आला. उसाच्या पाल्याची कड करवतीसारखी. तिनं डोळा झाकला आणि तशीच खाली बसली.

"काय झालं गं?"

"पाला लागला."

"कुठल्या डोळ्याला?"

झुंबरबाईनं तिचा हात बाजूला केला. उजवाच होता.

तिनं बाटलीतलं पाणी मारलं, पदराचं टोक फिरवलं, फुंकर घातली. आत काही दिसेना. नुसतं पाणी वाहत होतं. भारा तिथंच टाकून दोघी घरी आल्या. झुंबरबाईनं फ्रीज उघडला. एरवी ती करंगळीच्या पेरावर मलम घ्यायची, त्या दिवशी दुप्पट घेतलं. हा एकच डोळा आहे, म्हणून जास्त. आणि लावून झाल्यावर तिनं जे कुणासाठी केलं नव्हतं ते केलं. ट्यूबच मीनाबाईच्या हातात दिली.

"घरी ने. दिवसात चारदा लाव. हात आखडता घेऊ नगं, संपली तर दुसरी आणू."

"तुमाला लागंल की."

"लागू दे. तुझा डोळा पयला."

मीनाबाईनं ट्यूब पदराच्या गाठीला बांधली.

दोन-तीन दिवस बरं वाटलं. लाली उतरली, ठणका कमी झाला. "बरं हाय, वैनी," मीनाबाई बांधावरून सांगून गेली. मग ती यायची बंद झाली. झुंबरबाईच्या मनात आलं, की बघून यावं. पण रोज संध्याकाळी धार काढून झाली, की कंबर धरायची, आणि खालची गल्ली होती तिथून लांब वाटायला लागायची. उद्या जाऊ. असे उद्या निघून गेले.

एका सकाळी प्रसेनजीत दारात आला. कंपनीच्या गाडीची वेळ टळून गेली होती, तरी अंगात कंपनीचा शर्ट होता. हातात ती ट्यूब, आता पार चपटी झालेली.

"काकू, ही तुमचीच न्हवं?"

"व्हय. का रं?"

"आईला दिसंना झालंय. तुमी लावा म्हणला म्हणून लावत बसली. मला काल सांगिटलं. तेबी म्हशीच्या दावणीला ठेचकाळून पडली म्हणून." त्यानं आवाज वाढवला नव्हता. "काय हाय ह्या ट्यूबात?"

झुंबरबाईनं ती ट्यूब इतक्या जणांना लावली, पण आत काय आहे हे तिला माहीत नव्हतं.

ती तशीच चपला घालून निघाली. मीनाबाई उजेडाकडं पाठ करून भिंतीशी बसली होती. झुंबरबाईनं तिची हनुवटी वर केली. डोळा लालभडक, आणि काळ्या बुबुळाच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी. ते पुसून निघणारं नव्हतं, हे हात लावायच्या आधीच कळत होतं.

"आगं, मला सांगायचं न्हाय व्हय?"

"तुमची तोड चालू होती," मीनाबाई म्हणाली. "आणि मला वाटलं, ट्यूब हाय न्हवं."

तिघं वडापच्या जीपनं कोल्हापूरला गेले. गाडीत माणसं कोंबलेली, प्रसेनजीत मागं लटकलेला. मीनाबाईनं पदर डोळ्यावर धरला होता. सारा रस्ता ती एकच वाक्य बोलली, "शेळ्यांना पाणी दावायचं राहिलं."

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर ही गर्दी. नंबर लागेस्तोवर दुपार झाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस वर बांधलेले, डोळ्यांखाली काळं. आज त्यांनी किती डोळे बघितले असतील देव जाणे. बोलण्यावरून कागलकडच्या वाटत होत्या. त्यांनी मीनाबाईची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली आणि बराच वेळ आत बघत राहिल्या.

"कशानं लागलं?"

"उसाचा पाला," मीनाबाई म्हणाली.

"मग काय लावलं?"

झुंबरबाई म्हणाली, "मी लावलं. म्हंजे, मी दिली ट्यूब."

"कुणी दिली ते मला नको. आणलीय का?"

प्रसेनजीतनं ट्यूब टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी ती उलटीसुलटी केली, बारीक अक्षरं वाचली आणि बाजूला सारली. त्या रागावल्या नाहीत. झुंबरबाईला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा असा होता, की हीच ट्यूब याच टेबलावर रोज कुणीतरी आणून ठेवतं.

डोळा सुन्न करायचा थेंब घालून त्यांनी त्या पांढऱ्या ठिपक्यावरचं किंचितसं खरवडून काचेच्या पट्टीवर घेतलं आणि तपासायला पाठवलं. मग खुर्चीला पाठ टेकून त्यांनी झुंबरबाईला विचारलं, "ऊस तुमचा?"

"व्हय."

"हुमणी लागली तर काय करता?"

"अळी असती ती. मुळात औषध सोडतो." कोल्हापूरकडच्या बायका 'करतो, जातो' बोलतात तसंच ती बोलली.

"आणि पाल्यावर तांबेरा पडला तर?"

"त्याची फवारणी निराळी. बुरशी असती न्हवं ती."

"हुमणीचं औषध तांबेऱ्यावर मारलं तर?"

"काय उपेग? औषध वाया जाणार."

"औषध वाया, आणि तेवढ्या दिवसांत तांबेरा सगळ्या फडात. व्हय का न्हाय?"

झुंबरबाईनं मान हलवली. पुढं काय येणार आहे ते तिला दिसायला लागलं होतं.

"ही ट्यूब जंतूंची हाय, अँटिबायोटिक. डोळ्यात जंतू शिरला तर असंच औषध डोळा वाचवतं, ते काय वाईट न्हाय. पण उसाच्या पाल्यानं लागलं, की आत बुरशी जाते बऱ्याचदा. हीपण बुरशीच दिसतीया मला. तिला ह्या औषधानं काहीसुद्धा होत न्हाय. आणि ह्या ट्यूबात आणखी एक औषध मिसळलंय, सूज आणि लाली उतरवणारं. त्यानं वरून बरं वाटतं. आत डोळ्याची भांडायची ताकद कमी होते, बुरशीला रान मोकळं मिळतं."

"म्हणून पयल्यांदा बरं वाटलं," मीनाबाई म्हणाली. कुणाला उद्देशून नाही.

"म्हणूनच."

झुंबरबाईच्या मनात एक प्रश्न घोळत होता. तो विचारायची ही जागा नव्हती, पण विचारल्याशिवाय तिला राहवेना. "मग आमच्या पोरीची रांजणवाडी कशी बरी झाली?"

"शेकलं होतं?"

"रोज. दोनदा."

"त्यानंच झाली. न शेकता पण झाली असती, जरा उशिरानं. रांजणवाडीला बहुतेक वेळा औषध लागतच न्हाय, आजी. ऊन फडकं, आणि हात लावायचा न्हाय. सगळी पापणी सुजली, ताप आला, दिसायला त्रास व्हायला लागला, तर औषध लागतं, आणि तवा ते बघून द्यायचं असतं." त्यांनी ट्यूब पुन्हा उचलली. "आणखी कुणाकुणाला लावली?"

झुंबरबाईनं गल्लीतली माणसं आठवून बघितली. कुणाचे डोळे साथीत आलेले, कुणाच्या डोळ्यात कचरा गेलेला, कुणाची झोप झालेली नव्हती. सगळे बरे झाले होते. सगळे तसेही बरे होणारच होते. आणि त्या प्रत्येकानं येऊन "वैनी, तुमच्या हाताला गुण हाय" म्हटलं होतं, ते तिनं थोडंसं खरं मानलं होतं.

"लय जणांना," ती म्हणाली.

"एकच ट्यूब, एकाच बोटानं?"

"व्हय."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. दुसऱ्यांना नको म्हणून सांगतात तेच. मग प्रसेनजीतकडं वळल्या. "तपासणीत बुरशी आली तर दिवसभर तासातासाला थेंब घालायला लागतील. बरेच आठवडे. एक तास चुकला तर चालेल असं धरायचं न्हाय. डाग वाढत गेला, तर बुबुळाला भोक पडू शकतं. मग डोळा ठेवता येत न्हाय. घरात कोण असतं दिवसा?"

प्रसेनजीतनं खाली बघितलं. दिवसा घरात कुणी नसायचं. त्याची बायको त्याच्याआधी निघायची.

"मी घालतो," झुंबरबाई म्हणाली.

"तुमी नको, काकू."

त्यानं ते अगदी साधेपणानं म्हटलं. झुंबरबाईला बाकावरून उठून कुठं जावं कळेना. शेवटी मीनाबाईच बोलली. "घालू दे त्यास्नी. दुसरं कोण हाय? मला थेंब डोळ्यात पडला का गालावर, तेबी दिसत न्हाय."

संध्याकाळी निकाल आला. बुरशीच होती.

त्यानंतरचे दिवस झुंबरबाईला एकासारखे एक वाटत राहिले. सकाळची धार काढायची, शेण काढायचं, आणि खालच्या गल्लीत जायचं. साबणानं हात धुवायचे, बाटली हलवायची, थेंब घालायचा, बाटलीचं तोंड पापणीला लागू द्यायचं नाही. मग पुढच्या थेंबापर्यंत मीनाबाईच्या ओट्यावर बसायचं. घरी जाऊन यावं तर निम्मा वेळ चालण्यातच जायचा. मीनाबाईच्या शेळ्यांना पाणी, म्हशीला वैरण, तेही तीच बघू लागली. स्वतःच्या म्हशी वर्षाराणीवर पडल्या, आणि वर्षाराणी गप्प बसणारी नव्हती.

"आत्ती, एवढी डॉक्टरकी केली, आता नर्सचीबी नोकरी लागली म्हणायची."

"लागली."

"आणि इकडं मी मेल्यावर कुणाला बोलवायचं?"

"ट्यूब तूच आणलीस न्हवं दुकानातनं?" असं झुंबरबाईच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. आणणारीनं पोरीसाठी आणली होती. वाटणारी कोण, ते दोघींना माहीत होतं.

मोना शाळेतून आली, की आजीला शोधत खाली यायची. एकदा ती मीनाबाईच्या डोळ्याकडं टक लावून बसली.

"आजी, ह्यांच्या डोळ्यात बुरशी हाय? शिळ्या भाकरीवर येते तसली?"

"तसलीच. पर लय बारीक."

"मग माझ्या डोळ्यात काय होतं?"

"तुझ्या डोळ्यात जंतू होता. जंतू निराळा, बुरशी निराळी. कुत्रं आलं तर आपण दगड उचलतो, आणि मुंग्या आल्या तर?"

"मुंग्यांना दगड मारून काय होणार?" मोना हसली.

"तेच. मी मुंग्यांना दगड मारत बसलो."

भिंतीशी बसलेली मीनाबाई म्हणाली, "आणि दगड लागला मला." मोनाला ते विनोदाचं वाटलं होतं, पण मोठ्या दोघी हसत नाहीत बघून तीही थांबली.

गल्लीत बातमी पसरली, तरी माणसं यायची थांबली नाहीत. गणपतराव म्हणजे डेअरीचे जुने संचालक, वरच्या गल्लीत राहणारे. एक दिवस डोळा पुसत झुंबरबाईच्या दारात आले.

"वैनी, ट्यूब जरा."

"न्हाय आता. देत न्हाय कुणाला."

"का? संपली?"

"संपली न्हाय, बंद केली. दवाखान्यात दावा, आण्णा. डोळ्यात काय झालंय ते बघितल्याबिगार औषध घालायचं न्हाय." तिनं त्यांना बसवलं आणि हुमणी, तांबेरा, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं त्याच क्रमानं, सावकाश. गणपतराव ऐकत होते. मान हलवत होते. त्यांचा स्वतःचा ऊस गेल्या साली तांबेऱ्यानं गेला होता.

"पटतंय की तुमचं," ते उठता उठता म्हणाले. "पर माझं तसलं काय न्हाय. नुसती आग हुतीया. मीनाबाईला देता आणि मला न्हाय म्हणता, तेवढं बरं न्हाय वाटलं."

ते गेले ते सरळ चौकाकडं. घटकाभरानं झुंबरबाई खाली निघाली, तेव्हा अमरसिंहच्या काउंटरवर ते मान मागं करून उभे होते आणि अमरसिंह त्यांना नव्या ट्यूबचं टोपण काढून देत होता. झुंबरबाई क्षणभर थांबली. आत जाऊन दोघांना चार शब्द सुनवावे असं वाटलं. पण थेंबाची वेळ झाली होती. ती पुढं चालू लागली.

तपासणीला दर वेळी दोघी जायच्या. पहिल्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाढलं न्हाय, एवढंच सांगते." तेवढ्यावर दोघी परत आल्या. पुढच्या वेळी थेंबांबरोबर गोळ्या सुरू झाल्या. मग एकदा ठिपक्याच्या कडा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणं, बसायला लागल्या. भोक पडलं नाही. होळी गेली, पाडवा गेला. मीनाबाईच्या अंगणातल्या शेवग्याला शेंगा आल्या. तिनं त्या चाचपून काढल्या आणि निम्म्या झुंबरबाईच्या पिशवीत भरल्या. झुंबरबाई नको म्हणाली नाही.

प्रसेनजीत संध्याकाळी कामावरून आला, की ती उठायची. तो विचारायचा, "सगळे थेंब झाले?" ती म्हणायची, "झाले." त्यापलीकडं तो बोलत नसे. मग एक दिवस ती उठायच्या आत त्यानं चहा ठेवला आणि तिच्या पुढ्यात कप आणून ठेवला. तिनं तो प्याला. फार गोड होता.

शेवटच्या तपासणीला उन्हाळा चांगलाच तापला होता. यंत्रातून बघून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मागं सरकवली.

"बुरशी गेली. डोळा राहिला."

मीनाबाईनं विचारलं, "पर पांढरं तसंच हाय न्हवं?"

"तो डाग हाय. जखमेचा व्रण राहतो तसा. बरोबर मधोमध हाय, म्हणून अडवतोय. माणसं दिसतील, वाट दिसेल. बारीक काम, अक्षरं, हे आता ह्या डोळ्यानं व्हायचं न्हाय. बुबुळ बदलता येतं. तुमचं नाव घालून ठेवूया. मिळालं की बोलवू. कधी, ते मी सांगू शकत न्हाय."

"वाडं बांधायला जमंल?"

"उसात पुन्हा जायचं न्हाय. गेलातच तर डोळ्यावर चष्मा पाहिजे. कसला पण, साधा."

मीनाबाईनं मान हलवली. मग बाहेर येऊन दोघी बसस्टॉपवर बसल्या. सकाळी येतानाच वडापच्या गर्दीत मीनाबाईचा जीव घुसमटला होता, म्हणून परत जाताना बस धरायची असं ठरलं होतं. बाक तापलेला होता. झुंबरबाईनं पिशवी खाली अंथरली आणि तिला त्यावर बसवलं.

समोरून रिक्षा जात होत्या, एक उसाच्या रसाचं गुऱ्हाळ खुळखुळ वाजत होतं.

"वैनी," मीनाबाई म्हणाली, "मला तुमचा राग येतो."

झुंबरबाईनं तिच्याकडं बघितलं. ती समोर बघत होती.

"सकाळी उठल्याबरोबर येतो. भाकरी थापताना परातीच्या बाहीर पीठ सांडतं, तवा लय येतो. मग तुमी येऊन कडी वाजवता. मग मान वर करून बसायला लागतं. राग धरून मान वर करता येत न्हाय. डोळा मिटतो. मग राग बाजूला ठेवतो. तुमी गेला, की परत येतो."

"येऊ दे," झुंबरबाई म्हणाली. आणखी काही बोलावं असं तिला वाटलं, पण जे जे मनात आलं ते सगळं मीनाबाईनं आपल्याला बरं म्हणावं म्हणून बोलल्यासारखं झालं असतं.

"आता थेंब बंद झालं," मीनाबाई म्हणाली. "उद्यापासनं तुमी येणार न्हाय."

"येतो की. शेळ्या हाईत, म्हस हाय. पीठ मी मळून देतो, तू थाप."

रस्त्याच्या टोकाला एक बस वळली. झुंबरबाई उठायला लागली, तसा मीनाबाईनं तिचा दंड धरला.

"थांबा. सांगू नका. मी बघतो."

ती उभी राहिली. मान थोडी वाकडी केली, मधला डाग चुकवून कडेनं काही सापडतं का ते बघत. बस जवळ आली. तांबडा रंग दिसत असणार. पुढची काच दिसत असणार, ड्रायव्हरचा आकारही. मीनाबाईचे ओठ हलत होते. पाटी अगदी समोर आली. झुंबरबाईनं ती कधीच वाचली होती. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. बस थांबली, दोघं-तिघं उतरले, कंडक्टरनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि घंटी दिली. बस निघून गेली.

"पाटी दिसली," मीनाबाई म्हणाली. "पांढरी हाय. अक्षरं न्हाय आली." ती परत पिशवीवर बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आपली व्हती?"

"व्हय."

"मग थांबवायची न्हाय व्हय?"

"तूच म्हणालीस, सांगू नका."

मीनाबाईनं बाकावर सरकून पिशवीचा निम्मा भाग मोकळा केला आणि झुंबरबाई त्यावर बसली. पुढची बस कधी आहे ते दोघींना ठाऊक नव्हतं. ऊन पायांवर येत होतं.